निवृत्त गुप्तचर अधिकाऱ्याच्या माहितीपटावर कितपत विसंबावे?

धागाकर्ता, पणजी
2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो. त्यामुळे माहितीपटांची चर्चा आपल्याला नवी नाही. परंतु गुप्तचर खात्यातून निवृत्त होऊन कॅमेरा हाती घेणाऱ्यांविषयी आपल्याकडे कुतूहल फार आणि चिकित्सा थोडी. माझ्या मते हा माणूस या कामास इतरांहून अधिक लायक असतो. पोर्तुगीज राजकीय पोलिसांचे, म्हणजे ‘पिदे’चे, दप्तर लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात आहे. गोव्याच्या मुक्तिलढ्यावर काम करणारा नवखा दिग्दर्शक त्यातला खबऱ्याचा अहवाल निवेदनात जसाच्या तसा वाचून दाखवील. ज्याची हयात असले अहवाल वाचण्यात गेली तो मात्र आधी विचारील, की हे खबऱ्याने स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, त्याला मोबदला काय मिळत होता, आणि ज्याच्याविरुद्ध लिहिले त्याच्याशी त्याचा जमिनीचा तंटा तर नव्हता ना.

प्रतिसाद, मडगाव
साफ असहमत. केंद्र सरकारच्या पेन्शन नियमांतील 2021 च्या दुरुस्तीनुसार गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना संस्थेच्या कार्यक्षेत्राविषयी काहीही प्रसिद्ध करण्यापूर्वी संस्थाप्रमुखाची परवानगी घ्यावी लागते आणि नियम मोडल्यास पेन्शनवर गदा येऊ शकते. शिवाय 1923 चा शासकीय गुपिते कायदा आहेच. तेव्हा पडद्यावर येते ते खात्याने येऊ दिलेले. अमेरिकेतही सीआयएचे फ्रँक स्नेप यांनी परवानगीविना पुस्तक काढले म्हणून 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची कमाई सरकारजमा करविली, तीही त्यात गुप्त माहिती असल्याचा सरकारचा दावा नसताना. पुढे ते टीव्ही पत्रकारितेत गेले, हे खरे.

प्रतिसाद, डिचोली
पण हे बंधन कार्यक्षेत्रापुरतेच आहे. त्याने खाणींवर किंवा खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, शेतीवर माहितीपट केला तर खात्याचा संबंध काय?

प्रतिसाद, मडगाव
नियम नीट वाचावा. खात्यात काम करताना मिळालेले ज्ञान आणि कौशल्यही त्यात येते. धागाकर्ते ज्या कौशल्याचे गोडवे गातात, नेमके तेच.

प्रतिसाद, म्हापसा
मला खटकते ते वेगळेच. समोरच्याला नकळत बोलते करणे हा या मंडळींचा पेशाच होता. बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसलेल्या नव्वदीच्या आजी चहा पुढे करता करता शेजारच्या घरातला कोण पिदेला बातम्या पुरवीत असे ते सांगून जातात. कॅमेरा चालू असतो, पाहुणा मध्ये एक शब्द बोलत नाही, आणि त्या शेजाऱ्याची नातवंडे आजही त्याच वाड्यावर राहतात. आजींनी संमतीपत्रावर सही केली असेलही, पण आपण काय देऊन बसलो हे त्यांना कोणी समजावले?

धागाकर्ता, पणजी
म्हापशाचा मुद्दा रास्त आहे, तरी तो प्रत्येक माहितीपटकाराला लागू पडतो. गप्प राहून बोलते करणे पत्रकारही जाणतात. मडगावकरांसाठी उपाय सुचवितो: दिग्दर्शकाने कोणत्या खात्यात काम केले आणि चित्रपट परवानगीसाठी कोणाकडे पाठविला, हे आरंभीच्या पाटीवर लिहावे.

प्रतिसाद, मडगाव
आणि परवानगी देताना काय कापले, ते? त्या पाटीलाही परवानगी लागेल.