मदत हवी आहे: डॅशहाउंड पिल्लाच्या कोपराचा एक्स-रे, दोन डॉक्टर दोन मतं

शेरूचा_बाबा: अर्जंट. शेरू पुढच्या उजव्या पायाने लंगडतोय. एक्स-रे काढला. एक डॉक्टर म्हणतात कोपरात हाडाचा तुकडा सुटलाय, ऑपरेशन करा. दुसरे म्हणतात काही नाही, या जातीचे पाय असेच वाकडे. खर्च किती येतो? 'व्हेटला दाखवा' लिहू नका, दाखवूनच आलोय.

मनीमाऊ: वय?

टण्या: डॅशहाउंड म्हणजे आधी पाठ बघा. आमच्या ब्राउनीची मणक्यातली गादी सरकली आणि मागचे पायच गेले. जिने बंद करा.

शेरूचा_बाबा: मागचे पाय ठणठणीत आहेत हो. वर लिहिलंय, पुढचा उजवा.

अण्णा_सातारकर: हळद-तेल चोळा. आपली आयब्युप्रोफेनची अर्धी गोळी द्या.

मनीमाऊ: अण्णा, गोळीचं आधी काढून टाका! कुत्र्यांना त्याने पोटात अल्सर होतो, किडन्या जातात. धागाकर्ते, वय??

शेरूचा_बाबा: साडेचार महिने. त्याने काय फरक पडतो?

सावली_वाचक: सगळा फरक त्यानेच पडतो. कोपर ते मनगट दोन हाडं असतात, अल्ना आणि रेडियस. कोपराच्या मागे अल्नाचं चोचीसारखं टोक असतं, अँकोनियल प्रोसेस. काही जातींच्या पिल्लांत ते साधारण पाच महिन्यांपर्यंत सुटं दिसू शकतं. त्याआधी तिथे रेघ दिसली म्हणजे तुकडा सुटलाच असं नाही. कोपर पूर्ण दुमडून फिल्म घेतली होती का? नाहीतर त्या टोकावर दंडाच्या हाडाची सावली येते. फिल्ममध्ये मनगट आहे? कधी पडला होता?

शेरूचा_बाबा: दुखतंय कोपर, मनगट कशाला? दिवाणावरून उडी मारली होती मागे, दोन दिवस पाय टेकत नव्हता. मग बरा झाला.

सावली_वाचक: अहो, हे आधी सांगायचं! अल्नाची बहुतेक लांबी मनगटाजवळच्या वाढीच्या पट्टीतून येते. तिला मार बसला की अल्ना मागे पडते, शेजारचं रेडियस वाढतच राहतं आणि कोपराचा सांधा जुळेनासा होतो. यांचे पाय मुळातच वाकडे, त्यामुळे एकाच पायाच्या फिल्मवर भांडण होणारच. दोन्ही पाय घ्या, कोपरापासून मनगटापर्यंत, समोरून आणि बाजूने. तीन-चार आठवड्यांनी परत. वाढ थांबली असेल तर मात्र रेंगाळू नका. अल्नाचा छोटा तुकडा काढून ताण मोकळा करतात, तेही पिल्लाची वाढ संपायच्या आत.

टण्या: सरळ सीटी करा. एक्स-रेत कोरोनॉइड, म्हणजे अल्नाचं कोपरातलं दुसरं टोक, नीट दिसत नाही.

सावली_वाचक: कोरोनॉइडचं मान्य. पण एक्स-रे तरी आधी धड काढू द्या की!

लॅबवेडी: आमच्या लॅब्राडोरच्या कंबरेच्या एक्स-रेबद्दल इथेच विचारू का?

मनीमाऊ: नको. वेगळा धागा काढा.

शेरूचा_बाबा: डॉक्टरांशी बोललो, दोन्ही पायांचं घेतील. गुंगीचं इंजेक्शन देणार म्हणाले. रात्रीपासून उपाशी ठेवू?

मनीमाऊ: मनाने ठेवू नका, लहान पिल्लाची साखर उतरते. किती तास ते त्यांनाच विचारा.

शेरूचा_बाबा: ओके. खर्चाचं अजून कुणीच सांगितलेलं नाही.

अण्णा_सातारकर: आमचा गावठी मोत्या चौदा वर्षं जगला, एक्स-रे कशाशी खातात त्याला ठाऊक नव्हतं.