मदत हवी आहे: वेल्डिंगचा धूर ओढायला नेमकं काय लावावं?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे. एसएसची (स्टेनलेस स्टीलची) रेलिंगं, हॉटेलांची टेबलं, सिंक करतो. दोन टेबलांवर वेल्डिंग, बहुतेक आर्गन (सांध्याला हवा लागू नये म्हणून त्यावर सोडायचा वायू), अधूनमधून रॉडचं. पावसाळ्यात शटर अर्धं ओढलं की धूर आतच कोंडतो. दुपारपर्यंत आमच्या मामांना खोकल्याची ढास लागते. वीस वर्षं हेच काम करताहेत, त्यामुळे "सवय आहे रे" म्हणतात. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम असतं हे वाचल्यापासून मला चैन नाही. मास्क आणलेत, पण उकाड्यात गळ्यातच लटकतात.

मागच्या भिंतीत उंचावर १८ इंची एक्झॉस्ट फॅन बसवला. तो नेमका मामांच्या पाठीमागे, म्हणजे धूर आधी त्यांच्या तोंडावरून जातो, मग बाहेर! म्हणून त्याच फॅनला पत्रा मारून ६ इंची लवचिक पाइप टेबलापर्यंत आणला. तोंडाशी अगरबत्ती धरली तर धूर ढिम्म हलत नाही. कुठे चुकलं? आणि ओढ वाढवली तर आर्गन उडून सांधा खराब होईल का?

प्रतिसाद १:
भिंतीचा पंखा मोकळी हवा ढकलतो, पाइपातला अडथळा त्याला झेपत नाही. सेंट्रिफ्युगल ब्लोअर (पाइपातूनही जोरात हवा खेचणारा बंदिस्त पंखा) लागेल. लवचिक पाइप शेवटच्या हातभरापुरताच ठेवा, बाकी पत्र्याचा गुळगुळीत.
खरी गोम अंतरात आहे. पाइपाचं तोंड ठिणगीपासून ३० सेंमीवर असेल तर सुमारे ९७० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, १५ सेंमीवर २६०च्या आसपास. (धुरापाशी सेकंदाला अर्धा मीटर वेग धरलाय.) तरी ब्लोअर ४०० चा घ्या, नाहीतर हवा मंद पडून ६ इंची पाइपात धूळ बसत जाईल. तोंड टेबलाच्या बाजूला ठेवा. वर टांगलंत तर मामांचं डोकं परत मधेच.
२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८चं कलम १४ही तेच सांगायचं, धूर निघतो तिथून जितकं जवळ तितकं.

प्रतिसाद २:
आर्गनचं म्हणाल तर पाइपात डँपर (हवा कमी-जास्त करायची झडप) बसवा. सांध्यात बारीक भोकं दिसली की तो थोडा बंद करायचा. आणि धूर छपराच्या वर सोडा, पॅसेजमध्ये नको, शेजारचा गाळेवाला भांडायला येईल.

धागाकर्ता:
तो आधीच येऊन गेलाय. दोन्ही टेबलं एकाच ब्लोअरवर चालतील का?

प्रतिसाद १:
एका वेळी एकच टेबल चालू असेल तर हो, दुसऱ्या टेबलाच्या पाइपाचं झाकण बंद ठेवून. दोन्ही एकदम चालत असतील तर हवा दुप्पट धरा.