सरकारी बाँडचा फंड आणि तरी पैसे कमी कसे झाले? बाबांच्या गिल्ट फंडाबद्दल मदत हवी

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे पण प्लीज पूर्ण वाचा. माझे बाबा एसटीत मेकॅनिक होते, मार्चअखेर ५८ पूर्ण होऊन रिटायर झाले. मे महिन्यात पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं धरून २३ लाख हातात आले, त्यातले १५ लाख पोस्टात सिनिअर सिटिझन स्कीमला टाकले, म्हणजे दर तिमाहीला ३०,७५० येतील, तिथे काही प्रश्न नाही. उरलेले ८ लाख सेव्हिंगला होते तेवढ्यात बँकेतून फोन सुरू झाले. तिथल्या मुलाने घरी येऊन सांगितलं की काका आरबीआय व्याज कमी करतेय, एफडीचे रेट अजून पडणार, तुम्ही गिल्ट फंड घ्या, पैसे फक्त सरकारी रोख्यांत जातात, सरकार काय बुडणार आहे का, गेल्या वर्षी दहा टक्क्यांच्या वर मिळालेत. बाबांनी "सरकारी" एवढं ऐकलं आणि मेअखेर सगळे ८ लाख टाकले.

बाबा दर महिन्याला वहीत सगळं लिहून ठेवतात. ऑगस्टअखेरचा आकडा ७ लाख ७९ हजार आला. म्हणजे तीन महिन्यांत २१ हजार कमी! त्यांनी तो आकडा वहीत लिहिला आणि पेन तसंच हातात धरून बसले. मला म्हणाले, सरकारने व्याज दिलं नाही का गं? मला उत्तरच देता आलं नाही. बँकेतला मुलगा म्हणतो थांबा, रिकव्हर होईल. आरबीआयने तर जूनमध्ये खरंच रेट कमी केला, मग फंड वर जायला हवा होता ना? मला हे नक्की कसं चालतं ते समजून घ्यायचंय, नुसतं "विका" किंवा "ठेवा" नकोय. यातले ३ लाख भावाच्या लग्नासाठी फेब्रुवारीत लागणार आहेत.

गावभाग_सांगली

ताई वाईट वाटलं वाचून. माझं मत सरळ आहे, रिटायरमेंटचा पैसा एफडीत. एका बँकेत ५ लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे, दोन बँकांत वाटून ठेवायचे. व्याज कमी मिळेल पण तारखेला ठरलेला आकडा हातात येतो, वहीत लिहिणाऱ्या माणसाला तेच लागतं.

जुना_ट्रेझरीवाला

मी एका सहकारी बँकेत रोख्यांच्या टेबलवर बावीस वर्षं काढली, आता रिटायर आहे. बाबांचा प्रश्न अगदी बरोबर जागेवर आहे म्हणून सविस्तर लिहितो.

सरकारने व्याज दिलंय, पूर्ण दिलंय, पैसा न् पैसा. तो बँकेतला मुलगा "सरकार बुडणार नाही" म्हणाला तेही खरंच आहे. पण त्याने दुसरी अर्धी गोष्ट सांगितली नाही.

समजा मी मिरजेत १ लाखाला एक छोटा गाळा घेतला आणि भाडेकरूशी दहा वर्षांचा करार केला, वर्षाला ७ हजार भाडं, दहा वर्षांत एक रुपया वाढ नाही, शेवटी माझे १ लाख परत. भाडेकरू चोख आहे, कधी बुडवत नाही. आता सहा महिन्यांनी शेजारी नवीन गाळे निघाले आणि तिथे १ लाखाला वर्षाला ८ हजार मिळायला लागले. मला अचानक पैशांची गरज पडली, गाळा विकायचाय. माझा ७ हजारवाला गाळा १ लाखाला कोण घेईल? घेणारा म्हणेल दरवर्षी हजार कमी मिळणार ते आत्ताच किमतीत कापून दे. दहा वर्षं बाकी असतील तर हिशोबाने किंमत येते साधारण ९३,३००. आणि करार संपायला एकच वर्ष बाकी असेल तर? तर हजाराचाच फटका, म्हणजे ९९ हजारांच्या थोडं वर. भाडेकरू तोच, भाडं तेच, फक्त मुदत वेगळी. एका ठिकाणी पावणेसात टक्के गेले, दुसरीकडे टक्काही नाही.

बाँडचं हेच आहे. बाजारात नवीन बाँड जास्त व्याजाने मिळायला लागले की जुन्याची किंमत उतरते, कमी व्याजाने मिळायला लागले की जुन्याचा भाव वाढतो. मुदत जितकी लांब तितका झोका मोठा. तुम्ही स्वतः बाँड घेऊन मुदत संपेपर्यंत ठेवला तर मधले भाव दिसतही नाहीत, पण फंडाला रोज संध्याकाळी आपल्याकडचे सगळे बाँड आजच्या बाजारभावाने मोजून एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, जाहीर करावी लागते. एफडीत तुम्हाला रोजचा भाव कोणी दाखवत नाही, फंडात दाखवतात.

आता जूनचं. आरबीआयने ६ जून २०२५ ला रेपो अर्धा टक्का कमी करून ५.५० केला हे खरं. पण रेपो हा एका रात्रीच्या पैशाचा दर, दहा-तीस वर्षांच्या बाँडचा भाव आरबीआय ठरवत नाही, बाजार ठरवतो आणि बाजार पुढचं बघतो. फेब्रुवारीपासून कपात चालूच होती, ती भावात आधीच धरलेली होती, म्हणून तर आदल्या वर्षीचे रिटर्न इतके छान दिसत होते. आणि त्याच दिवशी आरबीआयने आपला पवित्रा "अकोमोडेटिव्ह"वरून "न्यूट्रल" केला, बाजाराने अर्थ काढला की आता अजून फारशी कपात नाही. पुढे ऑगस्टमध्ये जीएसटी कमी होणार म्हटल्यावर सरकारला जास्त कर्ज काढावं लागेल ही भीती आली. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर जूनच्या सुरुवातीला सव्वासहाच्या आसपास होता तो ऑगस्टअखेर साडेसहाच्या वर गेला. म्हणजे शेजारचे गाळे महाग भाड्याने जायला लागले.

एक काम करा. फंडाच्या वेबसाइटवर महिन्याची फॅक्टशीट असते, त्यात "मॉडिफाइड ड्युरेशन" आणि "वायटीएम" (आजच्या भावाने फंडातले रोखे वर्षाला किती टक्के देतील तो अंदाज) हे दोन आकडे बघून इथे लिहा.

मिरजेची_लेक

गाळ्याचं उदाहरण बाबांना वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं त्यांनी. फॅक्टशीट सापडली. मॉडिफाइड ड्युरेशन १०.८ आणि वायटीएम ७.१ टक्के आहे. एक्सपेन्स रेशो (फंड दरवर्षी कापतो तो खर्च) रेग्युलरला, म्हणजे बँकेमार्फत घेतलेल्याला, १ टक्का आणि डायरेक्टला, म्हणजे थेट फंड कंपनीकडून घेतलेल्याला, ०.४५, आमचा अर्थातच रेग्युलर आहे. रिस्कोमीटरवर, म्हणजे धोका दाखवणाऱ्या चित्रावर, "मॉडरेट" लिहिलंय, त्यावरून मला वाटलं असतं ठीकच आहे.

जुना_ट्रेझरीवाला

१०.८ म्हणजे बाजाराचा दर १ टक्का वर गेला तर एनएव्ही साधारण १०.८ टक्के खाली, १ टक्का खाली आला तर तेवढीच वर. तुमच्या बाबतीत लांबच्या रोख्यांचा दर साधारण ०.४ वर गेला असं धरा, ०.४ गुणिले १०.८ म्हणजे ४.३ टक्के फटका. तीन महिन्यांत व्याजाचे पावणेदोन टक्के जमा झाले. उरली वजाबाकी अडीच टक्क्यांच्या आसपास. ८ लाखांवर २०-२१ हजार. बाबांच्या वहीशी जुळतंय बघा. कुठे काही गायब झालेलं नाही.

ही तुलना बाबांसमोर ठेवा: लिक्विड फंडातले रोखे ९१ दिवसांच्या आतले असतात, त्यामुळे असा झोका तिथे जवळपास जाणवतच नाही. शॉर्ट ड्युरेशन फंडात सेबीच्या नियमाने ड्युरेशन १ ते ३ वर्षं ठेवावी लागते, तिथे हाच ०.४ चा धक्का १ टक्क्याच्या आसपास बसला असता आणि तिमाहीच्या व्याजाने भरून वर काही उरलं असतं. सगळे "डेट फंड"च, पण फेब्रुवारीत लग्न असलेल्या घराला १०.८ ड्युरेशनचा फंड विकणं हे चुकीचं आहे, आणि हे मी त्या मुलाच्या वरिष्ठाला तोंडावर सांगेन.

नाशिक_द्राक्षवाला

साहेबांनी एकदम भारी समजावलंय पण एक गोष्ट राहिली ती मी लिहितो कारण मला ती महागात पडली. व्याजदराचा फटका वेगळा आणि बुडीत कर्जाचा फटका वेगळा. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही कर्ज देणारी मोठी वित्त कंपनी डिफॉल्ट झाली, म्हणजे देणी चुकवू शकली नाही, पुढच्या जूनमध्ये डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी. तेव्हा माझा पैसा एका क्रेडिट रिस्क फंडात होता, द्राक्षाचा सीझन संपल्यावर आलेली रक्कम, घेताना ९ टक्के मिळतात एवढंच बघितलं. एके संध्याकाळी एनएव्ही बघितली तर एका दिवसात ५ टक्के खाली. अशा फंडात कमीत कमी ६५ टक्के पैसा एए आणि त्याखालच्या रेटिंगच्या कागदांत असतो हे मला नंतर कळलं. व्याजदराने पडलेला फंड वेळ दिला की सावरतो कारण बाँड जिवंत असतो आणि व्याज देत राहतो, पण कंपनीच बुडाली तर सावरायला काही राहत नाही. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा डेट योजना बंद केल्या तेव्हा लोकांचे पैसे अडकले, नंतर टप्प्याटप्प्याने परत मिळाले हेही खरं, पण मधली वर्षं ज्याला मुलीची फी भरायची होती त्याने काय केलं असेल?

म्हणून ताई, जास्त रिटर्न दाखवणारा डेट फंड समोर आला की आधी विचारा हा जास्तीचा पैसा येतोय कुठून, लांब मुदतीतून का हलक्या रेटिंगमधून. तिसरा रस्ता जवळजवळ नसतो. तुमच्या बाबांचं नुकसान पहिल्या प्रकारचं आहे, ते बरं आहे.

मिरजेची_लेक

खूप धन्यवाद दोघांनाही. मग आता काय करायचं? "थांबा रिकव्हर होईल" हे खरं आहे का खोटं?

जुना_ट्रेझरीवाला

अर्धं खरं. दर आहेत तिथेच राहिले तर फंड ७.१ ने कमावतो, त्यातून १ टक्का खर्च वजा, म्हणजे महिन्याला अर्धा टक्का. या वेगाने मूळचे ८ लाख दिसायला पाच महिने लागतील, म्हणजे नेमकं लग्नाच्या तोंडावर. पण तोपर्यंत दर अजून अर्धा टक्का वर गेले तर पुन्हा तेच. खाली आले तर लवकर भरून निघेल. कुठे जातील हे मला माहीत नाही, त्या मुलालाही नाही, बावीस वर्षांत मी आत्मविश्वासाने सांगणारे पुष्कळ बघितले आणि त्यातले बरेच चुकलेलेही बघितले.

आणि गाळ्याच्या उदाहरणात एक फरक आहे तो लक्षात ठेवा. गाळ्याचा करार कधीतरी संपतो आणि मूळ १ लाख मिळतात, पण हा फंड जुने रोखे विकून सतत नवीन लांबचे घेत राहतो, त्याची स्वतःची मुदत कधीच संपत नाही. तारीख असलेला फंड हवा असेल तर "टार्गेट मॅच्युरिटी" फंड असतात, भारत बाँड त्यातलाच, नावातच वर्ष लिहिलेलं असतं आणि त्या वर्षापर्यंत ठेवला तर मधला झोका हळूहळू विरत जातो.

मी तुमच्या जागी असतो तर लग्नाचे ३ लाख आत्ताच काढून लिक्विड फंडात किंवा सहा महिन्यांच्या एफडीत ठेवले असते, झालेला तोटा मान्य करून. हा शॉर्ट टर्म कॅपिटल लॉस आहे, इन्कम टॅक्स रिटर्न वेळेत भरलं तर आठ वर्षं पुढे ओढून दुसऱ्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. काढण्याआधी एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्यास कापली जाणारी रक्कम, आहे का बघा. उरलेल्या पैशांना बाबा सात-आठ वर्षं खरंच हात लावणार नसतील तरच तिथे ठेवा, आणि तेव्हाही डायरेक्ट प्लॅनचा विचार करा, अर्धा टक्का दरवर्षी वाचतो. प्लॅन बदलणं हेही विक्रीच धरतात एवढं ध्यानात असू द्या.

टॅक्सच्या लालचेने थांबू नका. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाचा नफा कितीही वर्षं ठेवला तरी स्लॅबनेच लागतो, एफडीसारखाच. फायदा एवढाच की टॅक्स विकताना लागतो, दरवर्षी नाही.

गावभाग_सांगली

एफडीबद्दल मी आधी घाईत लिहिलं, पण एक अजून बघा, सिनिअर सिटिझन स्कीमची मर्यादा ३० लाख आहे, म्हणजे बाबांना उरलेले ८ लाखही तिथेच टाकता आले असते, ८.२ टक्क्यांनी. ५५ ते ६० मधल्या रिटायर माणसाला मात्र पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांतच खातं उघडता येतं, ती मुदत बहुतेक गेली तुमची. साठ पूर्ण झाले की पुन्हा उघडता येईल.

मिरजेची_लेक

आज संध्याकाळी बाबांशी बसून बोलले. त्यांनी वहीत नवीन पान काढून दोन रकाने केले, एकावर "फेब्रुवारी" आणि एकावर "साठीनंतर". सगळं ऐकून म्हणाले, म्हणजे मी दहा वर्षांच्या कराराचा गाळा घेतला आणि मला तो पाच महिन्यांत विकायचाय, असंच ना? मग भाडेकरूला काय दोष द्यायचा.

३ लाख काढायचं ठरलंय. उरलेल्यातले २ लाख शॉर्ट ड्युरेशनमध्ये नेऊ, बाकीचे सध्या तिथेच ठेवून साठीला पोस्टात टाकायचे असं ते म्हणतायत. म्हणजे त्या पैशांनाही दीडच वर्ष आहे, मला ते १०.८ त्यासाठीही लांबच वाटतंय, तर तेही हलवा असं मी त्यांना सांगतेय, अजून पटलेलं नाही. शनिवारी बँकेत दोघं जातोय, एक्झिट लोडचं लेखी घेऊन येते आणि इथे टाकते.