घर विकताना हॉट टब ठेवावा की काढावा?

प्रश्न: आम्ही घर विक्रीस काढत आहोत. मागच्या अंगणातील जुना हॉट टब (गरम पाण्यात बसण्याचा मोठा टब) चालू स्थितीत आहे, परंतु त्याचे झाकण पाणी शोषून इतके जड झाले आहे की ते उचलायला दोघे लागतात. टब ठेवल्याने भाव वाढेल, की ग्राहक बिचकेल?

उत्तर: केवळ टबामुळे भाव वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. हौस असलेल्याला तो भावतो. लहान मुले असलेल्या कुटुंबाला मात्र त्यात आधी धोका आणि वीजबिल दिसते. झाकण अवश्य बदला, कारण ते उचलताच टबाची निगा कशी राखली गेली हे कळते.

उत्तर: सहमत आहे, पण टब रिकामा दाखवू नका. पाणी बदलून, त्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखून आणि ते ३८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दाखवलेत, तर शंकेला जागा उरत नाही. आमच्या टबाच्या कडेला हिरवट रेघ राहून गेली होती; ती पाहिल्यावर आलेल्या बाईंनी पुढच्या खोल्याही नीट पाहिल्या नाहीत, याची हळहळ अजून वाटते.

उत्तर: टब सुटा असल्यास तो विक्रीत धरला आहे की नाही, हे करारात स्पष्ट लिहा.