मदत हवी आहे: पेनड्राइव्ह लावला की आवाज येतो, पण ड्राइव्ह दिसत नाही

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्या वाचनालयाची शतकमहोत्सवी स्मरणिका निघतेय. लेख, जुने फोटो, जमाखर्चाच्या वह्यांची स्कॅन केलेली पानं असं सगळं १६ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर आहे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिला होता. कॉपी चालू असतानाच तिथल्या मुलाने तो उपटला. तेव्हापासून घरच्या लॅपटॉपला (विंडोज १०) लावला की टुडुंग वाजतं, दिवा लुकलुकतो, पण 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हच नाही. पोर्ट बदलून झाला, पुतण्याच्या लॅपटॉपवरही तेच. बाकीचे पेनड्राइव्ह त्याच पोर्टला बिनतक्रार चालतात.

लेख ईमेलमध्ये अर्धेमुर्धे सापडतील. फोटो मात्र ज्यांचे त्यांना परत गेलेत. पेनड्राइव्ह मेला तरी चालेल, आतलं हवंय. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो." देऊ का?

प्रतिसाद १:
मुळीच देऊ नका. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा आणि खालच्या भागात काय दिसतं ते लिहा. 'नो मीडिया' असेल तर कंट्रोलर चिप (पेनड्राइव्हचा कारभार बघणारी) बोलतेय, पण तिला मेमरीच सापडत नाहीये. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जावं लागेल. साइज नीट दिसत असेल तर बरीच आशा आहे. तिथे राइट क्लिक केल्यावर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' येईल, त्याला हात लावू नका. तेही शेवटी फॉरमॅटच.

धागाकर्ती:
'डिस्क १, रिमूव्हेबल, १४.९ जीबी' आणि पुढे काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड'. १६ चे १४.९ कसे झाले? एक जीबी उडाला का?

प्रतिसाद १:
नाही हो, कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. तुमचं पार्टिशन टेबल गेलंय, म्हणजे कुठला भाग कुठे सुरू होतो याची नोंद. फायली बहुधा जागच्या जागी असतील.

प्रतिसाद २:
एवढं कशाला? चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) मारा, माझा दोन मिनिटांत सुरू झाला होता.

प्रतिसाद ३:
ड्राइव्हला अक्षरच (ई:, एफ: असं) मिळालेलं नाही, चेकडिस्क चालवणार कशावर? आणि तो फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी) दुरुस्त करतो, म्हणजे त्याच पेनड्राइव्हवर लिहितो. डेटा हवा असताना ते शेवटी, खरं तर कधीच नाही.

धागाकर्ती ताई, आधी अख्ख्या पेनड्राइव्हची इमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये जशीच्या तशी नक्कल, काढा. लिनक्स येणारं कुणी असेल तर त्यासाठी डीडी-रेस्क्यू हा प्रोग्राम उत्तम. मध्येच अडकला तरी मॅप फाइलमुळे (कुठवर वाचून झालं याची नोंद) तिथूनच पुढे सुरू करता येतो. मग त्या इमेजवर टेस्टडिस्क (हरवलेलं पार्टिशन शोधणारा प्रोग्राम) चालवायचा. फुकट आहे. 'अ‍ॅनालाइज', मग 'क्विक सर्च'. पार्टिशन सापडलं की 'पी' दाबा. फोल्डर नावांसकट दिसले तर तिथूनच कॉपी करून घ्या. 'राइट' करायची गरजच नाही.

तसं नाही जमलं तर त्याच्याच जोडीचा फोटोरेक. तो नोंदी न बघता फायलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. जेपीजी छान निघतात, पण नावं आणि फोल्डर जातात. शेकडो फायली नुसत्या आकड्यांच्या नावाने येतील. लेख श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे मराठी फॉन्ट) टाइप केले असतील तर आणखी एक भानगड: युनिकोडमध्ये 'वाचनालय' टाइप करून शोधलंत तर काहीही मिळणार नाही, कारण आत मजकूर इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीत असतो. फॉन्ट असलेल्या मशीनवर एकेक उघडून बघावं लागेल. म्हणून टेस्टडिस्क आधी.

धागाकर्ती:
लेख श्रीलिपीतच आहेत. 😐 पुतण्याकडे उबुंटू (लिनक्सच) आहे, आज रात्री बसवते त्याला. त्याच्या लॅपटॉपवर २० जीबी मोकळी आहे, पुरेल ना?

प्रतिसाद ३:
इमेजलाच १५ जातील, बाहेर काढलेल्या फायलींना उरलेली जागा कमी पडू शकते. बाहेरची हार्डडिस्क लावा. आणि इमेज घेताना कुठून कुठे जातंय ते पुतण्याला दोनदा वाचायला सांगा. उलटं झालं तर पेनड्राइव्हवरचं जे आहे तेही पुसलं जाईल.