हेपॅटायटिस सी : व्हायरल लोड दुपटीहून वाढला, याचा अर्थ काय समजावा?

प्रश्न

चार महिन्यांपूर्वी एका शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत मला हेपॅटायटिस सी असल्याचे कळले. तेव्हा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, १८,००,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर होता. आता औषध सुरू करण्याआधी पुन्हा तपासला, तर तो ४२,००,००० आला आहे. काल रात्री दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत बसले होते. पहिल्यात आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘लॉग ६.२६’ असे छापले आहे आणि दुसऱ्यात ‘लॉग ६.६२’. थोडा थकवा सोडला तर मला त्रास असा काही नाही. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे, पण तोवर मनाला स्वस्थता नाही. आकडा दुपटीहून वाढला, म्हणजे यकृताची हानीही तेवढीच वाढली का? आणि एवढ्या विषाणूंपुढे औषधाचा प्रभाव पडेल का?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या बारीक अक्षरांतच आहे. लॉग ६ म्हणजे १० लाख आणि लॉग ७ म्हणजे १ कोटी. एक लॉग वाढला की आकडा दहापट होतो. तुमच्या दोन अहवालांतला फरक अर्ध्या लॉगहूनही कमी आहे. अर्धा लॉग, म्हणजे साधारण तिपटीपर्यंतचा चढउतार, उपचार न घेतलेल्या रुग्णात काहीही बिघडलेले नसताना होऊ शकतो, कारण विषाणूंची संख्या मुळातच कमीजास्त होत असते आणि चाचणीतही थोडा फरक पडतो.

यकृताविषयी सांगायचे, तर या आकड्यावरून त्याची अवस्था कळत नाही. मी स्वतः या आजारातून बरा झालो आहे आणि ही गोष्ट समजायला मला फार वेळ लागला, म्हणून आवर्जून लिहितो. यकृताची हानी मुख्यतः विषाणूंच्या संख्येमुळे होत नाही. आपली प्रतिकारशक्ती संसर्ग झालेल्या पेशींवर हल्ला करत राहते आणि वर्षानुवर्षे चाललेल्या त्या दाहातून यकृतात तंतू साचत जातात. त्यामुळे कोटीच्या घरात लोड असलेल्या माणसाचे यकृत बऱ्यापैकी निरोगी असू शकते आणि काही हजारांचा लोड असलेल्याला सिरॉसिस, म्हणजे तंतू साचून यकृत कडक होण्याची शेवटची अवस्था, झालेला असू शकतो. एचआयव्हीमध्ये जास्त लोड म्हणजे आजाराची वेगवान वाढ, हे समीकरण बऱ्याच अंशी खरे आहे आणि बहुधा तेच आपण नकळत इथेही लावतो. यकृताची स्थिती जाणून घ्यायची असेल तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणारी तपासणी) करतात, किंवा वय, एएसटी व एएलटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स यांवरून काढलेला फिब-४ हा निर्देशांक पाहतात.

औषधाबद्दलची भीती बहुधा इंटरफेरॉनच्या, म्हणजे या आजारावरील जुन्या इंजेक्शनांच्या, काळातल्या लेखनातून येते. तेव्हा ८ लाखांच्या वरचा लोड उपचारांच्या दृष्टीने प्रतिकूल मानला जात असे. आताच्या गोळ्या विषाणूच्या वाढीची यंत्रणाच थेट बंद पाडतात आणि त्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. काही औषधांच्या बाबतीत उपचार १२ आठवड्यांऐवजी ८ आठवडे पुरतील का, हे ठरवताना ६० लाखांची मर्यादा विचारात घेतात, एवढेच.

प्रतिसाद २

मी प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही, पण एका गोष्टीवरून रुग्ण वारंवार घाबरून फोन करतात, म्हणून ती आधीच सांगते. उपचार सुरू झाल्यावर अहवालात ‘१५ पेक्षा कमी, आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ असे शब्द येतील आणि या दोहोंचा अर्थ एक नाही. पहिल्यात विषाणूचा अंश सापडलेला असतो, पण तो मोजता येईल इतका नसतो. दुसऱ्यात काहीच सापडलेले नसते. ही १५ ची मर्यादा यंत्रागणिक बदलते. चौथ्या आठवड्यात पहिल्या प्रकारचा शेरा आला, म्हणून औषध निष्फळ ठरले असे मुळीच समजू नये, आणि गोळ्या तर अजिबात थांबवू नयेत. शक्य असेल तर तपासण्या एकाच प्रयोगशाळेत कराव्यात, म्हणजे आकड्यांची तुलना करणे सोपे जाते.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लॉगचा अर्थ मला कोणी सांगितलाच नव्हता. मग मी बरी झाले, हे नक्की कोणत्या तपासणीवरून समजायचे? अँटीबॉडीची चाचणी पुन्हा करावी लागेल का?

प्रतिसाद ३

अँटीबॉडीची चाचणी त्यासाठी करू नका. बरे झाल्यावरही ती बहुतेकांची वर्षानुवर्षे पॉझिटिव्हच येते, कारण संसर्ग कधीतरी झाला होता एवढेच ती सांगते. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी व्हायरल लोडची तपासणी होईल. त्यात विषाणू आढळला नाही, तर तुम्ही बऱ्या झालात असे मानतात. मात्र त्या अँटीबॉडीमुळे पुढे संरक्षण मिळत नाही. दूषित सुईतून किंवा रक्तातून संसर्ग पुन्हा होऊ शकतो.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य विचारा. हेपॅटायटिस बी ची तपासणी झाली आहे का, हे पहिले, कारण तो विषाणू शरीरात असेल तर सी वरील उपचारांदरम्यान डोके वर काढू शकतो. म्हणून हे गोळ्या सुरू करण्याआधी कळायला हवे. दुसरे म्हणजे यकृतात तंतू किती साचले आहेत. सिरॉसिसपर्यंत मजल गेली असेल, तर विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी झाला तरी पूर्ण जात नाही.