मदत हवी आहे: रिझॉल्व्हमध्ये बनवलेल्या ग्रेडियंटवर पट्टे दिसतात

धागाकर्ता
डाविंची रिझॉल्व्ह (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर), फुकटवालं. त्यातल्या फ्यूजनमध्ये (ग्राफिक्सचा भाग; एकेक काम करणारे ठोकळे म्हणजे नोड जोडत जायचे) बॅकग्राउंड नोड, उभा ग्रेडियंट (हळूहळू बदलणारी छटा): लाल-हिरवा-निळा वर २०-२०-२०, खाली ६०-६०-६०. त्यावर पांढरी अक्षरं. १०८०पी, २५ फ्रेम, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), बिटरेट ८ एमबीपीएस. रेंडर केल्यावर आडवे पट्टे दिसतात, यूट्यूबवर तर आणखी जाड. बिटरेट २० केला, नोडची डेप्थ (रंगाचे आकडे किती बारीक मोजायचे ते) फ्लोट३२ केली, तरी तेच. काय चुकतंय?

पिक्सेलपंत
मुळात पायऱ्याच कमी आहेत. २० ते ६० म्हणजे ८ बिटमध्ये (० ते २५५) ४०. व्हिडिओ रेंजमध्ये (१६ ते २३५) उरतात ३४च्या आसपास. १०८० ओळींत ३४ पायऱ्या, म्हणजे एकेक पट्टा साधारण ३२ पिक्सेलचा. फ्लोट३२ने आतलं गणित बारीक होतं, फाइल शेवटी ८ बिटच.

बॅकग्राउंडला फिल्म ग्रेन नोड जोडा, त्याच्या बारीक दाण्यांनी पट्ट्यांच्या कडा विस्कटतात. अक्षरं वर चढवणारा मर्ज नोड त्याच्या नंतर हवा, नाहीतर अक्षरंही खरखरीत होतील. मोनोक्रोम (बिनरंगी दाणे) चालू ठेवा. लॉग प्रोसेसिंग मात्र आठवणीने बंद करा. ते आपोआप चालू असतं आणि उजेडात भरपूर, अंधारात जेमतेम दाणे टाकतं. तुमचे पट्टे नेमके अंधारात आहेत. टाइम लॉकही बंद, नाहीतर दाणे जागच्या जागी थिजतात आणि काचेवर धूळ बसल्यासारखं दिसतं. स्ट्रेंग्थ शून्यापासून वाढवत न्या, पट्ट्याची कड मोडली की थोडीशी आणखी द्या. ग्रेननंतर ब्लर लावलात तर सगळं पाण्यात.

रेंडरवाला
+१. आता बिटरेट खरंच लागेल. दाणे दर फ्रेमला बदलतात. ८ एमबीपीएसवर एन्कोडर (फाइल दाबणारा प्रोग्राम) ते पुसून टाकतो आणि पट्टे परत हजर. यूट्यूबसाठी डीएनएक्सएचआर एचक्यूएक्समध्ये (कमी दाबलेला, ८ पेक्षा जास्त बिटचा फाइल-प्रकार) काढा. नुसतं एचक्यू नको, ते ८ बिट आहे. मिनिटाला सव्वा-दीड जीबी जागा धरून चला.

धागाकर्ता
ग्रेन लावलं, लॉग प्रोसेसिंग बंद केल्यावर पट्टे गेले! आता दुसऱ्या क्लिपमध्ये १ पिक्सेलच्या लाल-निळ्या रेघा आहेत, त्या जांभळट दिसतात. तेही ग्रेननेच जाईल का?

पिक्सेलपंत
नाही, ते दुखणं वेगळं. ४:२:० मध्ये (रंगाची माहिती कमी करून साठवायची पद्धत) २ बाय २ पिक्सेलना मिळून एकच रंग साठतो, म्हणून शेजारच्या लाल-निळ्याचं मिश्रण होतं. रेघ किमान ४ पिक्सेल करा, आणि एक रंग गडद तर दुसरा फिका घ्या. उजेडाची माहिती पूर्ण रिझोल्यूशनची असते, त्यामुळे कड टिकते.